सासूबाईंना गाडी लागत नव्हती

(आपल्या केंद्रावरून 'घर-शिवार' या कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

आज मी एका जुन्या मोटारीच्या सायलेन्सरबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई शेवया-पापडाचं सोडून गॅरेजमध्ये कुठं शिरली? पण दहा-पंधरा मिनिटं ऐका. ही गोष्ट आमच्या घरात घडलेली आहे, आणि तिच्यात एक पोटुशी बाई आणि एक लहान पोर मरता मरता वाचलेलं आहे.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. माझ्या सासऱ्यांकडे १९६९ सालची फियाट आहे. फियाट ११०० डिलाईट म्हणतात ती. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी बनायची. पुढं थोड्याफार फरकानं तीच प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही पाहिली असेल. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. ही जी 'डुक्कर फियाट' म्हणतात ना, ती आमच्या गाडीच्याही आधीची. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून ती जुनीच विकत घेतली होती. मामांचा तिच्यावर फार जीव. दसऱ्याला झेंडूची माळ पहिली तिला, मग ट्रॅक्टरला.

आणि आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, त्या गाडीत बसायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. जेजुरीला निघालो की नीरा येईपर्यंत त्यांचं डोकं धरायचं. मळमळायचं, उलटी व्हायची. आम्ही सगळ्या त्यांना म्हणायचो, "आत्या, तुम्हाला गाडी लागते." लिंबू हुंगायला द्यायचो, आलेपाक द्यायचो. गाडीतून उतरल्यावर तासा-दोन तासांत त्या बऱ्या व्हायच्या. पाच-सहा वर्षं असंच चाललं.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्याच आत्या एसटीनं पंढरपूरला जाऊन यायच्या तेव्हा त्यांना काही म्हणजे काही व्हायचं नाही. ज्या बाईला एसटी लागत नाही, तिला फियाट कशी लागेल? हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. विचारला नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. जानेवारी महिना होता. माझी नणंद बारामतीला दिलेली. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. तिला माहेरी आणायला आम्ही फियाट घेऊन गेलो. हे गाडी चालवत होते, मामा त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर आत्या, नणंद, मी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा. वन्संचं शिलाई मशीन बरोबर घ्यायचं होतं. ते डिकीत ठेवलं तर डिकी लागेना. म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून सुतळीनं बांधलं. थंडी होती, पोटुशी बाई बरोबर होती, म्हणून मागच्या सगळ्या काचा आम्ही वर केल्या. मामांना बिडी लागते, त्यामुळे त्यांनी पुढची तिकोनी काच उघडी ठेवली होती.

फलटणच्या अलीकडंच आत्यांचं डोकं दुखायला लागलं. ते नेहमीचंच. पण आज माझंही दुखत होतं. मुलगा गुंगल्यासारखा माझ्या मांडीवर पडला होता. मी म्हटलं, झोपलं पोरगं, बरं झालं. फलटणला चहाला उतरलो, वारा लागला, जरा बरं वाटलं. पुन्हा बसलो. मोगराळे घाट चढायला लागलो तसं गाडी खालच्या गिअरमध्ये जोर लावून चढत होती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, डोळ्यांपुढं अंधार येतोय." आणि त्यांनी मान टाकली. मुलाला हलवलं तर त्यानं नुसते डोळे अर्धे उघडले आणि अंगावर उलटी केली.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांना उचलून बाहेर घेतलं, रस्त्याच्या कडेला गोधडीवर निजवलं. गार वारा होता. काही वेळानं मुलगा रडायला लागला. तेवढं कधी बरं वाटलं नव्हतं मला त्याचं रडणं. वन्संनी डोळे उघडले, पण उठता येईना. मग सगळ्या काचा खाली करून तसंच दहिवडीला दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावला, करोनात आशाताई घरोघर लावायच्या तो ऑक्सिमीटर. त्यात अठ्ठ्याण्णव आकडा आला. आम्ही म्हटलं, चला, ठीक आहे. पण त्या बाई हुशार. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी अजून कुणाचं डोकं दुखतंय?" आत्या म्हणाल्या, माझं. मी म्हटलं, माझंही. "पुढं बसलेल्यांचं?" हे म्हणाले, नाही. "गाडी जुनी आहे का?" असं विचारून त्यांनी लगेच वन्संना आणि मुलाला ऑक्सिजन लावला आणि १०८ नंबरच्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं रक्त तपासलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सापडला.

बाळाचे ठोके ठीक होते. वन्सं चार दिवसांनी घरी आल्या. पुढं वेळेवर बाळंत झाल्या, मुलगी झाली. आता दोन वर्षांची आहे, अंगणात पळत असते. पण त्या चार दिवसांत आमच्या घरात चूल नीट पेटली नाही.

आता हा वायू काय असतो ते सांगते. पेट्रोल, डिझेल, लाकूड, कोळसा, गॅस, काहीही जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तात जो लाल घटक असतो, हिमोग्लोबिन, जो वाढावा म्हणून आपण गरोदरपणात गोळ्या खातो, तो फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातापायांतली ताकद जाते, मग शुद्ध हरपते. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त धोका. आणि बोटाचा चिमटा इथं फसतो. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. तो आपला चांगला आकडा दाखवत राहतो. आशाताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तुम्ही म्हणाल, गाडीचा धूर तर मागून बाहेर जातो, आत कसा आला? तेच शोधायला आम्ही गाडी गॅरेजला नेली. मी स्वतः गेले. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावून बॅटरी मारून एकेक दाखवलं.

इंजिनातून जळका धूर निघतो तो आधी एका बिडाच्या भागात येतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तिथून एक लांब पाइप गाडीच्या पोटाखालून मागं जातो. मध्ये डबा असतो, तो आवाज दाबतो. डब्याच्या पुढं शेपटीसारखा पाइप, तो मागच्या बंपरच्या बाहेर निघतो. आपण या सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. आमच्या गाडीत काय झालं होतं? पाइप आणि डबा जिथं जोडतात तिथं सांधा सुटला होता. भोवती काळी काजळी धरली होती. डब्याला वरच्या अंगाला, जिथं खालून वाकून बघितलं तरी दिसत नाही, तिथं गंजून भोक पडलं होतं. शेपटीचा पाइप गंजून तुटला होता आणि बंपरच्या बराच अलीकडं, डिकीच्या खालीच संपत होता. डिकीतली चटई उचलली तर खालचा पत्रा चाळणीसारखा झालेला.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, चालत्या गाडीच्या पाठीमागं हवा पातळ होते, पोकळी होते. खालचा धूर तिथं ओढला जातो. त्यात तुम्ही डिकी उघडी ठेवलीत, काचा बंद केल्यात. धुराला घरात यायला दारच उघडून दिलंत." डिकीतून धूर मागच्या सीटमध्ये आला. पुढं मामांची तिकोनी काच उघडी, म्हणून ते दोघं बचावले.

मी विचारलं, "अहो, पण आमचं पीयूसी आहे की!" होतंच. पण पीयूसी करताना नळी पाइपच्या शेवटच्या टोकात घालतात. मधेच कुठं गळतंय का, हे त्या कागदावर येत नाही. आणि नव्या गाड्यांच्या पाइपमध्ये एक जाळीचा डबा असतो, तो या विषारी वायूचा बराचसा भाग जाळून टाकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तो नसतो. त्यामुळे जुन्या गाडीची गळती जास्त जीवघेणी.

आणखी एक ऐका. माझे धाकटे दीर वर्षभर सांगत होते, "गाडीचा आवाज कसा दमदार झालाय!" तो दम नव्हता, डब्याला पडलेलं भोक होतं ते.

हा पाइप गंजतो का, तेही मिस्त्रींनी सांगितलं, आणि मला ते फार नवल वाटलं. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी लांब चालली, पाइप चांगला तापला की वाफ बाहेर निघून जाते. पण आमचे मामा काय करायचे? रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करायचे, "बॅटरी उतरायला नको" म्हणून, आणि बंद करायचे. पाइप तापायचा नाही, पाणी डब्यातच साचायचं आणि आतून पत्रा खायचं. प्रेमापोटी रोज केलेल्या त्या कामानंच सायलेन्सर कुजला. डब्याला खालून एक बारीक भोक कारखान्यातूनच ठेवलेलं असतं, पाणी गळायला. आमच्या गाडीला कुणीतरी तेही वेल्डिंगनं बुजवून टाकलं होतं.

मग घरात बैठक बसली. हे म्हणाले, गाडी भंगारात घाला. मामा काही बोललेच नाहीत, उठून गोठ्यात गेले. दीर म्हणाले, ठेवूया आणि जाड पाइपचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवूया, गाडी पळेल. मला आता मिस्त्रींकडून थोडं कळलं होतं, म्हणून मी बोलले. त्या गाडीचं इंजिन हजार एकोणनव्वद सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. त्याला गरजेपेक्षा जाड पाइप लावला तर धूर रेंगाळत जातो आणि हळू चालताना, चढावर गाडीची ओढ उलट कमी होते. आणि मोठ्या आवाजाला पोलिसांचा दंड आहे. मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितलीय.

शेवटी आत्या बोलल्या. त्या कधी अशा बैठकीत बोलत नाहीत. म्हणाल्या, "सहा वर्षं मी तुम्हा सगळ्यांपुढं डोकं दुखतंय म्हणून सांगत होते. तुम्ही मला लिंबू दिलं. आता गाडी ठेवायची असेल तर नीट करून ठेवा. नीट होईपर्यंत या घरातलं कुणी तिच्यात बसणार नाही." त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

काम नीट करायचं ठरलं. आमच्या गटातून मी पंधरा हजारांचं कर्ज उचललं. गटातल्या एक-दोघी म्हणाल्या, म्हशीसाठी घेतात, शिलाई मशीनसाठी घेतात, सायलेन्सरसाठी कोण कर्ज घेतं? मी त्यांना मोगराळे घाटातली हकिगत सांगितली. सह्या झाल्या.

काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी जुनी जीप, ओम्नी, ॲम्बेसेडर असेल तर उपयोगी पडेल. जुना पाइप न फेकता नमुन्याला ठेवला आणि त्याच मापाचा, त्याच वळणांचा नवा पाइप स्टेनलेस स्टीलचा वाकवून घेतला. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा महाग, पण गंज फार हळू धरतो. डबा आवाज नीट दाबणारा घेतला, खालचं पाणी गळायचं भोक ठेवून. मॅनिफोल्डपाशी नवं पॅकिंग घातलं आणि पितळी नट लावले, म्हणजे ते गंजून जाम होत नाहीत. पूर्वी सांध्यांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली होती. तिची पूड फुप्फुसाला घातक, म्हणून ती न खरडता पाणी मारून ओली करून काढली. पाइप रबरी कड्यांना टांगला, कारण तापल्यावर तो लांबतो आणि इंजिनाबरोबर हलतो. घट्ट आवळला तर पुन्हा तडकतो. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायर यांपासून तो लांब राहील असं पाहिलं. शेपटीचा पाइप बंपरच्या बाहेर काढला. डिकीचा गंजका पत्रा कापून नवा लावला आणि डिकीला, दारांना नवी रबरं बसवली. शेवटी कार्ब्युरेटर साफ करून नीट लावून घेतला, म्हणजे मुळात विषारी वायूच कमी तयार होतो.

सगळं धरून साडेतेरा हजार गेले. उरलेल्या पैशांत मी हा वायू ओळखणारा, बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मागवला. तो मागच्या सीटवर ठेवून, माणसं न बसवता, ह्यांनी एकट्यानं सगळ्या काचा खाली ठेवून आधी जवळ, मग लांब गाडी फिरवली. मग मागच्या काचा लावून. आकडा शून्यावरून हलला नाही. त्यानंतर पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या आत्या. जेजुरीला गेलो. नीरा आली, गेली. आत्या खिडकीतून ऊस बघत होत्या. लिंबू पिशवीतच राहिलं.

जाता जाता एक माहिती. २०२१ पासून केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी ठेवलीय. त्यासाठी सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला वापरता येत नाही. आम्हाला गाडी घरच्या वापराला हवी, म्हणून आम्ही तो रस्ता धरला नाही. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

आता काही गोष्टी लिहून घ्या किंवा मनात ठेवा.

एक. गाडीत बसलेल्या एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, आणि उतरल्यावर बरं वाटलं, तर 'गाडी लागली' म्हणून सोडू नका. ताबडतोब थांबा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणी गुंगलं असेल तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात "धुराचा संशय आहे" असं तोंडानं सांगा.

दोन. मागचं दार किंवा डिकी उघडी ठेवून, सामान बांधून गाडी चालवू नका. वडापच्या जीपमध्ये जळका धूर आत येत असेल तर त्या जीपमध्ये पोरांना बसवू नका, भाडं गेलं तरी चालेल. धुराचा वास येतो म्हणजे त्याबरोबर बिनवासाचा वायूही येतोय.

तीन. गाडीचा आवाज बदलला, फस् फस् ऐकू आलं, पाइपच्या सांध्याला काजळी दिसली, तर गॅरेजला दाखवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

चार. हा वायू फक्त मोटारीत नसतो. थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवून झोपणं, बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून शेक-धुरी देणं, हवा नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावणं, बंद शेडमध्ये जनरेटर चालवणं, विहिरीत इंजिन उतरवून चालू ठेवणं, या सगळ्यात तोच वायू आहे. खिडकी उघडी ठेवा. शेगडी झोपायच्या आधी बाहेर काढा. विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरू नका. अशानं एकामागून एक माणसं जातात.

आणि पाचवी गोष्ट माझ्या आत्यांची. घरातली बाई वारंवार एकच तक्रार सांगत असेल तर ती ऐकून घ्या. तिच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी, तिला ते कुठं, कधी, कशात बसल्यावर होतं, एवढं विचारा. आम्ही तेवढं विचारलं असतं तर तो जानेवारी आमच्यावर आला नसता.

मामा अजून रोज सकाळी गाडीपाशी जातात. पण पाच मिनिटं चालू करून बंद करत नाहीत. आठवड्यातून एकदा दहिवडीपर्यंत फेरी मारून येतात. परवा त्या फेरीला आत्याही गेल्या होत्या, बाजाराची पिशवी घेऊन. कर्जाचे चार हप्ते राहिलेत, तेही फिटतील.

 येत्या बैठकीत तुमच्या गटात हे जरूर सांगा.